शेपटाकडून लिहिणारा साडू

नीरेच्या डाव्या कालव्यावर आजवर किती पाटकरी होऊन गेले ते सरकारला ठाऊक, पण पाच नाटकांचे शेवट पेटीत ठेवून त्यांच्या सुरुवातीची वाट बघत बसलेला पाटकरी एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आता साडू काही माणूस निवडत नाही. बैल निवडतो, बी निवडतो, बायकोसुद्धा थोडीफार बघून करतो. साडू मात्र बायकोबरोबर येतो, जसा शेताबरोबर बांध येतो. वयानं आणि नात्यानं तो मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. मनात मात्र अरे-तुरेच. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत झालेलं, त्यामुळं मनात एक आणि कागदावर दुसरं असं मला जमत नाही. इथं मनातलंच लिहितो.

सांगतोय ते एकोणीसशे तीसच्या पुढच्या पाच-सात वर्षांतलं. माझी जमीन बारामतीच्या अंगाला, कालव्याच्या वरच्या बाजूला. वांगी, पेरू, थोडा ऊस. साडूची चौकी खाली इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या बाजूला, जिथं कालव्याचं पाणी दमून भागून पोचतं. पाटकऱ्याचं काम म्हणजे कमरेला पाणी सोडायच्या दारांच्या किल्ल्या, हातात काठी आणि खिशात पाळीचा कागद. कागदावर ज्याची पाळी असेल त्याचं दार उघडायचं, वेळ झाली की लावायचं. आणि कालव्याचा एक कायदा असा की पाणी शेपटाकडून द्यायचं. चारी म्हणजे कालव्यातून फुटणारा लहान पाट, तिच्या टोकाला जो असेल त्याला आधी, मग वर वर चढत यायचं, आणि डोक्याशी जो असेल त्याला शेवटी. डोक्याकडच्याला आधी दिलं तर तो पोट फुटेस्तोवर पितो आणि शेपटाला चिखलसुद्धा पोचत नाही. कायदा चांगला आहे. पण कायदा चारीपुरता असतो हे माझ्या साडूला कुणी सांगितलं नव्हतं. तो आंघोळ पायापासून करायचा. बंडीची बटणं खालून वर लावायचा. ताटात ताकभात आधी खायचा आणि भाकरी मागनं. पोरांना वाढायला बसला की धाकट्यापासून वाढायचा, त्यामुळं थोरली चंपी नेहमी रिकाम्या पातेल्याकडं बघत बसलेली. मी एकदा विचारलं, "पाव्हणं, हे काय?" तर म्हणाला, "जो लांब हाय, त्याला आदी. परंतु हे लोकांच्या ध्यानात येत न्हाय." हा 'परंतु' त्यानं पुस्तकातून आणला होता. आमच्या सगळ्या गोतावळ्यात 'परंतु' म्हणणारा तो एकटाच.

पुस्तकं कशाला, तर त्याला फायनलची परीक्षा पास व्हायचं होतं. मराठी सातवीची ती सरकारी परीक्षा. व्हर्नाक्युलर फायनल असं लांबलचक नाव होतं, लोक नुसतं फायनल म्हणायचे. ती झाली की पाटकऱ्याचा कारकून होतो आणि कारकून झाला की बारामतीच्या कचेरीत बदली मिळते, असं त्याला त्याच्या इन्स्पेक्टरनं सांगितलं होतं. ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त जीव गुंतला होता तो आक्काचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. ह्या दोघी बहिणी सुप्याच्या. घरी पूर्वी मेंढरं होती, पुढं जिरायती शेती. दोघी एकमेकींच्या पाठच्या, एका घोंगडीत वाढलेल्या, आणि लग्न झाल्यावर एक पडली कालव्याच्या डोक्याशी नि दुसरी शेपटाशी. भेट व्हायची ती जत्रेला, नाहीतर कुणाच्या लग्नात. बदली झाली असती तर दोघी एका हाकेवर आल्या असत्या. तेव्हा आक्का देवाला जे काही मागायची ते एवढंच, की ह्या माणसाच्या डोक्यात ती सातवीची पुस्तकं एकदा उतरू दे.

पुस्तकं उतरत होती, पण तीही शेपटाकडून. शेवटचा धडा आधी. त्याच्या इतिहासात इंग्रज आधी यायचे आणि मोगल त्यांच्यानंतर. भूगोलात तो नदी समुद्रापासून उलटी चढवत डोंगरापर्यंत नेऊन सोडायचा. पहिल्या परीक्षेला त्यानं पेपरातला शेवटचा प्रश्न आधी घेतला. तो सगळ्यात अवघड. त्यातच घंटा झाली. दुसऱ्या वर्षीही तेच. मास्तरांनी म्हणे त्याला समजावलं की बाबा रे, सोपं आधी सोडव. हा म्हणाला, "सोप्याला काय, ते डोक्याशीच हाय, कुठं पळून जातंय."

आणि हा अभ्यास तरी कसा व्हायचा. चौकी म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. त्यात आक्का, तीन पोरं, एक शेळी, आणि पाळी मागायला आलेली दोन-चार माणसं कायम दारात. साडू पडवीत बसायचा. उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हातात पुस्तक, उजव्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी. पाळणा हलला की अक्षर हलायचं. बाळ्या पाठीवर बसून पाढे म्हणायचा आणि चुकला की हा लिहिता लिहिता "सात सक बेचाळीस" असं दुरुस्त करायचा, त्यामुळं त्याच्या एका नाटकातल्या राजाच्या भाषणात मधेच "सात सक बेचाळीस" आलेलं मी स्वतः वाचलं आहे. लिहायला कागद म्हणजे पाणीअर्जाचे जुने फॉर्म, त्यांच्या कोऱ्या पाठी. एका बाजूला अमुक तमुकचा दोन एकर ऊस, दुसऱ्या बाजूला राणीचा विलाप.

हे नाटकाचं खूळ त्याला कुठून लागलं ते मी पुष्कळ शोधलं. घरात कुणी नाटकवाला नाही, वारकरीसुद्धा नाही. म्हणे लहानपणी इंदापूरच्या बाजारात कुठल्याशा कंपनीचा खेळ त्यानं पडद्याच्या मागच्या बाजूनं बघितला होता, तिकडं जागा रिकामी म्हणून. पुढून बघणाऱ्यांना राजा मेलेला दिसला, ह्याला तो उठून विडी ओढताना दिसला. तेव्हापासून त्याला वाटायचं की शेवट झाल्यावरच खरं काय ते कळतं. खरं खोटं तो जाणे. पण नाटकंही तो शेवटून लिहायचा हे खरं. तिसरा अंक आधी, मग दुसरा. पहिल्यापर्यंत पोचायच्या आत पाळी यायची, नाहीतर पोराला गोवर, नाहीतर परीक्षा. अशी पाच नाटकं. सगळ्यांना शेवट होते, सुरुवात एकालाही नव्हती. इतर लोक गोष्ट ऐकताना "पुढं काय" विचारतात. ह्याच्या घरी पोरंसुद्धा "त्याच्या आदी काय?" विचारायला शिकली होती.

घरात त्यानं सगळ्यांना पार्ट दिले होते. आक्का भाकरी थापत असली की हा दारातून म्हणायचा, "महाराणी, शत्रू वेशीपाशी आला." आक्का मान वर न करता म्हणायची, "महाराणीचं पीठ संपलंय, परधानजी. शत्रू यायच्या आदी दळून आणा." तो दळणाची पाटी डोक्यावर घेऊन वाटेनं भाषण म्हणत जायचा. कालव्याच्या भरावावर एकटाच हात उडवत चाललेला बघून मेंढक्यांनी त्याच्यावरून एकदा लिंबूही उतरून टाकलं. निरवांगीचा एक म्हातारा शेतकरी पाळी विचारायला आला तेव्हा हा पाठमोरा उभा राहून दुष्ट राजाचं बोलत होता, "जा. तुझी पिकं जळून गेली तरी तुला थेंब मिळणार नाही." म्हातारा तसाच मागं फिरला आणि पायी इन्स्पेक्टरकडं गेला. इन्स्पेक्टर चौकशीला आला. साडू म्हणाला, "साहेब, ते मी म्हणालो न्हाय, राजा म्हणाला." इन्स्पेक्टरनं विचारलं, कोण राजा. ह्यानं पेटी उघडून तिसरा अंक दाखवला. इन्स्पेक्टर भला माणूस. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं म्हणे, "ह्या शेतकऱ्यानं राजाचं काय बिघडवलं होतं?" साडू म्हणाला, "ते पहिल्या अंकात येणार हाय."

आता मला माझं सांगायला पाहिजे, कारण पाचवं नाटक त्यातून निघालं. एका उन्हाळ्यापुरती त्याची बदली आमच्याच चारीवर झाली. आक्का पोरं घेऊन आमच्यापासून दोन शेतं सोडून राहायला आली. दोघी बहिणींची त्या दोन महिन्यांत जी बडबड चालायची, ती ऐकून माझी बैलंसुद्धा कान टवकारायची. मी मनात म्हणलं, आता पाटकरी घरचा आहे. पण माझी जमीन चारीच्या डोक्याशी, म्हणजे पाळी सगळ्यात शेवटी. विहीर तळाला गेलेली, वांगी माना टाकायला लागली. मी साडूकडं गेलो, तर त्यानं मला ताक पाजलं आणि पाळीचा कागद दाखवला. मी दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी भर दुपारी दाराचं कुलूप दगडानं तोडलं आणि पाणी घेतलं. साडू आला, त्यानं बघितलं, बांधावर बसून माझ्यासमोर माझ्याच नावानं रिपोर्ट लिहिला आणि माझी पुढची पाळीही बंद केली. वांगी गेली. चूक कुणाची म्हणाल तर माझी. पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. मी बायकोला सांगितलं, त्या घरचं माणूस माझ्या दारात आलेलं चालणार नाही. चार दिवसांनी आक्का आली, हातात बोरांची चटणी, धाकटा सोन्या कडेवर. मी ओट्यावर बसलो होतो. मी बायकोला म्हणलं, "दार लावून घे." तिनं माझ्याकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, आणि दार लावलं. आक्का थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. महिन्याभरानं त्यांची बदली परत खाली झाली. पुढची दोन वर्षं येणं-जाणं बंद.

ती अढी मोडली परीक्षेनं. तिसऱ्यांदा फायनलला बसायचं तर केंद्र बारामतीला, आणि आक्का चौथ्या बाळंतपणाला सुप्याला माहेरी गेलेली. साडू तिन्ही पोरं घेऊन आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. खांद्यावर सोन्या, एका हातात बाळ्या, चंपीच्या डोक्यावर पेटी. मला म्हणाला, "पाव्हणं, चार दिवस ऱ्हातो. न्हाय म्हणलात तर धर्मशाळा हाय." मी म्हणलं, "धर्मशाळेत पोरांस्नी कोण बघंल?" एवढंच आमचं बोलणं, त्यावर भांडण मिटलं. माझी बायको तोवर सोन्याला घेऊन चुलीपाशी गेलीही होती.

त्याच आठवड्यात स्टेशनाजवळ एका नाटक कंपनीचा पत्र्याचा मांडव पडला होता. साडूनं परस्पर जाऊन मालकाला गाठलं आणि परीक्षेच्या आदल्या दुपारी नाटक वाचून दाखवायचं ठरवलं. तो बाजाराचा दिवस. मी पेरू घेऊन गाडी जुंपली, बायको बरोबर आली, साडू आणि त्याची तीन पोरं पेरूंच्या पाट्यांवर बसली. मालक भुवयांचा काळा रंग तसाच ठेवून बशीतून चहा पीत होता. बाकीची मंडळी पेट्या भरत होती, कारण परवाच्या गाडीनं त्यांचा मुक्काम हलणार होता. साडूनं सोन्याला खांद्यावर टाकलं, तो तिथंच झोपला. बाळ्या धोतर धरून उभा. चंपी एकेक फॉर्म पुढं करत होती. मालक म्हणाला, "सुरुवात करा." साडू म्हणाला, "शेवटापासून ऐका." मालकाला वाटलं थट्टा करतोय, पण वाचन सुरू झालं.

नाटक दोन बहिणींचं होतं. एक कालव्याच्या डोक्याशी दिलेली, एक शेपटाशी. तिसऱ्या अंकात दुष्काळ पडतो आणि थोरली लेकराला घेऊन धाकटीच्या दारात पाणी मागायला येते. धाकटी तिच्याकडं बघते आणि दार लावून घेते. बस. पडदा. त्यात आरडाओरडा नाही, विलाप नाही. मी गाडीच्या जुवाला टेकून ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. बायको पत्र्याला हात लावून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. पेट्या भरणारे थांबले. मग साडूनं दुसरा अंक वाचला, त्यात दोघींचे निरोप आणि न झालेल्या भेटी. वाचून झालं तेव्हा एक गोरासा पोरगेला नट, कंपनीत बायकांची कामं करणारा, नाक पुसत पुढं आला. म्हणाला, "मालक, हे काम मी करीन. पण धाकटीनं दार लावलं का? मला ते कळल्याशिवाय मी दार लावायचं कसं?"

मालक म्हणाला, "तेच. पहिला अंक कुठं आहे?"

"डोक्यात हाय," साडू म्हणाला.

"मग उद्या संध्याकाळपर्यंत कागदावर आणा. परवा आम्ही निघालो. पहिला अंक चांगला उतरला तर हे नाटक मी लावतो."

गाडी घरी आली. ऊन असतानाच जेवायला वाढलं, कारण सकाळी त्याला लवकर निघायचं होतं. वाढता वाढता बायकोनं विचारलं, "दाजी, पहिल्या अंकात कळंल न्हवं लोकांस्नी, मी का दार लावलं?"

"तू न्हवं गं. ती नाटकातली."

"तीच वो. तिचंच म्हणते मी. न्हायतर लोक शिव्या देतील तिला."

साडूनं माझ्याकडं बघितलं आणि ताकभात कालवला. म्हणाला, "लिहून झाल्याबिगर सांगायचं नसतं." मी मुद्दाम दुसरीकडं बघत होतो. खरं सांगतो, मलाही कळून घ्यायचं होतं. नाटक गावोगावी होणार, आणि त्यात ओट्यावर बसून दार लावायला सांगणारा माणूस असणार की नसणार. असला तर त्याला कुठलं नाव दिलंय. पण विचारायला तोंड नव्हतं. मी त्याला एवढंच म्हणलं, "उद्याचा पेपर सोडू नगा. आक्का सुप्याला वाट बघती." तो म्हणाला, "पेपर देतो, परंतु सुटलो की लगेच लिहायला बसतो. पोरं तेवढी तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी मीच त्याला शाळेपर्यंत सोडला. मराठीचा पेपर, तीन तास. घंटा झाल्यावर मी फाटकाशी उभा होतो. इतर सगळे घामाघूम होऊन बाहेर पडले आणि हा लग्नातून आल्यासारखा आला. तोंडावर असं तेज मी त्याच्या कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, "झाला. पहिला अंक झाला."

"कुठाय?"

तो हसत होता. मग त्याचं हसणं जिथल्या तिथं थांबलं. त्यानं स्वतःच्या रिकाम्या हातांकडं बघितलं आणि मागं वळून शाळेकडं बघितलं.

झालं होतं असं. पेपरात शेवटचा प्रश्न निबंधाचा, विषय 'बालपण'. हा नेहमीप्रमाणं शेवटून सुरू झाला. आणि मला नंतर म्हणाला, "पाव्हणं, आयुष्यात पहिल्यांदा तीन तास मला कुणी हाक मारली न्हाय. पाय मोकळा. टाक चांगला, शाई सरकारी, कागद दोन्ही बाजूंनी कोरा. मी बालपण लिहायला बसलो, माझं न्हाय निघालं, त्या दोघींचं निघालं." घंटा झाली, मास्तरांनी वही ओढून घेतली, गठ्ठा बांधला आणि लाखेचं सील मारलं. आम्ही दोघं परत आत गेलो. साडू मास्तरांना म्हणाला, "माझं नाटक द्या, पेपर तुमच्यापाशी ठिवा." मास्तर म्हणाले, "अहो, पेपरच तो." ह्यानं पुष्कळ समजावलं. मीही मधे बोललो, की गुरुजी, माणूस नापास करा पण कागद द्या. मास्तरांना हसू आवरेना, पण सील मोडणं त्यांच्याही हातात नव्हतं.

मी म्हणलं, "घरी चला, परत लिहा. अजून दिवस हाय." अंगणात त्याला बाज टाकून दिली. पोरांना मी विहिरीवर नेलं, शेळीसुद्धा लांब बांधली. बायको उंबऱ्यात बसून त्याच्या हाताकडं बघत राहिली. तो फॉर्म मांडीवर घेऊन बसला. उंबऱ्यातल्या तिच्याकडं बघितलं, विहिरीवरच्या माझ्याकडं बघितलं आणि बऱ्याच वेळानं फॉर्म उलटा ठेवला. म्हणाला, "आठवत न्हाय." ऊन उतरल्यावर मालकाकडं निरोप द्यायला तो एकटाच गेला. मालकानं म्हणे त्याला चहा पाजला आणि पुढच्या मुक्कामाचं गाव सांगितलं, पण तिकडं जाणं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीचा गणिताचा पेपर त्यानं सरळ पहिल्या प्रश्नापासून सोडवला. निकाल लागला तेव्हा गणितात आयुष्यात पहिल्यांदा पास आणि नापास मराठीत.

आक्का चाळीस दिवसांची होऊन सुप्याहून परत चालली तेव्हा आमच्याकडं उतरली. सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. नव्या बाळाला पदराखाली घेत बहिणीला म्हणाली, "बारामती न्हाय तर न्हाय. तू येत जा." माझी बायको हो म्हणाली. पण जायचं म्हणलं की माझी काहीतरी तोडणी असायची, पाळी असायची, बैल आजारी असायचा. साडूनं पुढं परीक्षा दिली नाही. नाटकही लिहिलं नाही. बटणं मात्र खालूनच लावत राहिला. बायको दर भेटीत त्याला विचारायची, "दाजी, पहिल्या अंकात काय होतं वो?" आणि तो दर वेळी म्हणायचा, "ते सरकारजमा झालं." तपासणाऱ्या कुणा मास्तरानं ते वाचलं असेल तर तेवढंच. मी कितीदा त्या मास्तराचा विचार केलाय. कुठला असेल, त्यानं वाचून काय केलं असेल, घरी बायकोला सांगितलं असेल का.

आक्का जाऊन दहा वर्षं झाली. माझी बायको गेली ह्या संक्रांतीच्या आधी. पडलेली नव्हती, आजारी नव्हती, मेथी निवडत होती. त्यावर मला काही लिहायचं नाही. महिन्याभरानं साडू एस्टीनं आला. आता तो पुरता वाकलाय, दातही नाहीत. बाजेवर बसला, पाणी प्याला. माझ्यानं राहवेना. मी म्हणलं, "पाव्हणं, इचारणारी गेली. आता तरी सांगा. दोष कुणावर घातला होता?"

"कुणावर न्हाय."

"म्हणजे?"

"दोष लिहायचा तर तुमाला ओट्यावर बसवायला लागत होतं, आन् मला तुमच्या बांधावर रिपोर्ट लिहीत. तुमाला एकट्याला बसवायचं माझ्या जिवावर आलं. आन् मी खरा, तुमी खोटं, असं लिहायची लाज वाटली. माझ्या घरच्यांचं पाण्याचं दार मीच आदी बंद केलं हुतं की. म्हणून तितवर गेलोच न्हाय. नुसत्या दोघी पोरी लिहिल्या."

"मग आठवत न्हाय म्हणालात त्या दिवशी?"

"सगळं आठवत हुतं. परंतु ती उंबऱ्यात बसलेली. तिला वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असती, मग फुडं? आन् फुडं तुमी हुता."

  मी विचारलं, "काय बोलत हुत्या पोरी?"

तो म्हणाला, आक्कानं सांगितलेलंच सगळं लिहिलं होतं. सुप्याचं माळरान, मेंढरं बसलेली, दोघी घोंगडीवर. थोरली अकराची, धाकटी नऊची. धाकटी विचारते, आपल्याला एकाच घरात देतील का गं. थोरली म्हणते, देतील की, दोन भाऊ बघून देतील, मला थोरला नि तुला धाकटा. त्यावर धाकटी रुसते आणि पाठ करून बसते. साडूनं इथं डोळे मिटले आणि बारीक आवाज काढला, नाटकातल्यासारखा. हसू यायला पाहिजे होतं, मला आलं नाही. "मला धाकटा नगो. धाकट्याचं घरात कोण ऐकतं?"

मी चार भावांतला धाकटा. तिच्या लग्नात तिच्या बापानं हे सांगितलं असणारच. आमच्या घरात खरंच माझं कुणी ऐकायचं नाही. थोरल्यानं ठरवायचं, मधल्यांनी माना हलवायच्या आणि मला शेवटी कळायचं. ऐकायची ती एकटी. आधी तोंड वाकडं करायची, दोन भांडी आपटायची, पण ऐकायची. दार लाव म्हणलं तर दारसुद्धा लावलं. एखाद्या वेळी ऐकलं नसतं तरी चाललं असतं.

साडू डोळे मिटूनच बसला होता. मी म्हणलं, "सांगा, आणखी काय म्हणाली?"